प्रकरण एकोणिसावे : तयार मजकूर

शिवांगीने बातमी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी प्रसिद्ध केली आणि त्यानंतर चहापुरते दूध उरले आहे का, ते पाहायला ती स्वयंपाकघरात गेली. या दोन कृतींचा हा क्रम पुढे तिला स्वतःलाच कधी माफ करता आला नाही.

बातमी तिच्या चुलत आजोबांच्या निधनाची होती. रामलिंग बोमनाळे, ज्येष्ठ पत्रकार, लातूर. तिने त्यांना आयुष्यात एकदाच पाहिले होते. चार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांच्या अंत्यविधीला ते गोवर्धन घाटाच्या वरच्या पायरीवर एकटे उभे होते आणि अग्नी दिल्यावर कोणाशी न बोलता निघून गेले होते. नांदेडच्या या घरात त्यांचे नाव निघत नसे. 'दैनिक नदीकाठ'च्या छापखान्यात त्यांनी घडवलेले सुटे भाग अजून यंत्रांत फिरत होते, पण ते कोणी घडवले हे नव्या माणसांना ठाऊक नव्हते.

बातमी आली लातूरच्या पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या ग्रुपवर रामलिंग रोज सकाळी सहाला एकच संदेश टाकीत : आदल्या दिवसाचे कमाल तापमान, पहाटेचे किमान, पाऊस असल्यास मिलिमीटरमध्ये. त्यावर कोणी कधी काही लिहीत नसे. बुधवारी तो संदेश आला नाही, गुरुवारीही आला नाही. गुरुवारी संध्याकाळी एकाने विचारले, 'बोमनाळे सर कुठे आहेत?' दुसऱ्याने लिहिले, 'तब्येत बरी नव्हती म्हणे.' शुक्रवारी पहाटे तिसऱ्याने जोडलेल्या हातांचे चित्र टाकले. मग हातामागून हात आले. सात चव्वेचाळीसला लातूरच्या एका यूट्यूब वाहिनीने काळ्या चौकटीत त्यांचा फोटो लावला. घरच्या माणसाच्या बातमीत 'नदीकाठ' मागे पडत होता.

शिवांगीला मजकूर लिहावा लागला नाही. तो तयार होता. तिचे आजोबा अण्णाराव, 'नदीकाठ'चे संस्थापक संपादक, यांची ती जुनी शिस्त होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक मान्यवराचा मृत्युलेख तो हयात असतानाच लिहून ठेवायचा, पहिल्या वाक्यात तारखेची जागा कोरी सोडायची आणि दर जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सगळे लेख काढून, वाचून, दुरुस्त करून परत फायलीत लावायचे. असे एकशे सदतीस लेख आता शिवांगीच्या फोनमधल्या एका फोल्डरमध्ये होते. तिने नाव शोधले, लेख सापडल्याचे तिला थोडे आश्चर्य वाटले, कोऱ्या जागेत 'शुक्रवार, १४ नोव्हेंबर' भरले आणि बोट टेकवले. चार मिनिटे लागली. लेख शेवटपर्यंत वाचला नाही. फोनवर कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे तिला रोजच्या आकड्यांवरून माहीत होते.

ब्याऐंशी वर्षांचे अण्णाराव त्या वेळी ओसरीवर आपलेच चार पानी दैनिक हातात घेऊन चुकांखाली लाल रेघा ओढत होते. त्यांची सून सिंधू आतून आली. नवऱ्याच्या मागे दैनिक तीच चालवीत होती.

"मामा," ती म्हणाली, "लातूरचे काका गेले."

अण्णारावांनी पेनाला टोपण लावले. ते नीट बसेपर्यंत फिरवले.

"कळवलं कोणी?"

"शिवांगीनं टाकलंय. सगळीकडं हाय."

"सगळीकडं हाय ते कळलं. कळवलं कोणी? घरी विचारलं का?"

हा प्रश्न त्यांनी पन्नास वर्षांत हजारो वेळा विचारला असेल. घरी विचारल्याशिवाय मृत्यूची बातमी लावायची नाही, आणि विचारायचे कसे तेही त्यांनी प्रत्येक नव्या वार्ताहराला घोटून शिकवले होते : 'अमक्यांचं घर का? कोण बोलतंय?' एवढेच विचारून गप्प राहायचे. पुढचे समोरचा माणूस सांगतो.

शिवांगी दारात उभी राहिली. "आजोबा, नंबर न्हवता. आपल्या घरात कुणाच्याच फोनमधी त्यांचा नंबर न्हाई."

ती व्यवस्था अण्णारावांनीच केली होती.

"वाच," ते सिंधूला म्हणाले.

ती वाचू लागली. पहिल्या वाक्यानंतर अण्णारावांनी डोळे मिटले. वाक्ये त्यांचीच होती आणि पुढची त्यांना पाठ होती. चौथ्या परिच्छेदाच्या मध्यावर सिंधूचा आवाज थांबला. तिने उरलेले मनातल्या मनात वाचले, मग फोन पदराखाली धरला, जणू तो झाकल्याने मजकूरही झाकला जाणार होता.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"माझ्या बाबांबद्दल?"

अण्णाराव काठीसाठी हात लांब करीत म्हणाले, "गाडी काढायला सांग. माती व्हायच्या आत पोचलं पाहिजे."

*

गाडीने लोहा गाव मागे टाकले. पुढे ड्रायव्हरशेजारी अण्णाराव बसले होते. मागे मायलेकींच्या मध्ये शिवांगीचा फोन होता आणि तो सतत थरथरत होता.

"काढून टाक ते," सिंधू हळू आवाजात म्हणाली.

"आई, नऊ हजार शेअर झालेत. आपल्याच आजोबांच्या निधनाची बातमी आपणच काढली तर लोक काय म्हणतील?"

"सगळी नको. चौथा परिच्छेद काढ."

तेव्हा शिवांगीने चौथा परिच्छेद प्रथमच वाचला. वाचून तिने आईकडे पाहिले, मग पुढच्या सीटवरच्या पांढऱ्या टोपीकडे. तिच्या जन्माच्याही आधीची गोष्ट होती, आणि तिच्या आईवडिलांचे लग्न त्या गोष्टीच्या मधोमध होते. तिने काहीच काढले नाही.

अण्णारावांना मागची कुजबुज ऐकू येत होती. एकोणतीस वर्षे जे वाक्य त्यांनी एका माणसापासून लपवले, ते आज नऊ हजार माणसांनी पुढे धाडले होते आणि तो माणूसच ते वाचायला उरला नव्हता. हिशेबाने पाहिले तर त्यांनी योजले होते तसेच झाले होते. त्यांनीच तर तशी व्यवस्था केली होती.

अहमदपूरच्या अलीकडे शिवांगी म्हणाली, "आई, विचित्रच हाय. दोनशे जणांनी विचारलंय, अंत्यविधी किती वाजता. एकानंही उत्तर दिलं न्हाई."

"कुणाला तरी माहीत असंल."

"तेच तर. एवढ्या जणांत एकालाही माहीत न्हाई."

पुढची पांढरी टोपी किंचित वळली. "ड्रायव्हर," अण्णाराव म्हणाले, "जरा दाबा."

*

रामलिंग बोमनाळे अकरा वाजता उदगीरच्या एसटीतून उतरले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू बुधवारी काढला होता. शिबिरात तीन दिवस ठेवून घेतले होते, काळा चष्मा दिला होता, आणि आठ दिवस मोबाइलकडे पाहायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते. डाव्या डोळ्याला आधीपासूनच सगळे धुरातून दिसे. फोन त्यांनी मंगळवारीच बंद करून पिशवीत टाकला होता. कोणाचा येणार होता? मुलगी वर्षाराणी परदेशात, तिचा फोन रविवारी येई. जाताना गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानात संगप्पाला तेवढे सांगितले होते, "उदगीरला जाऊन येतो, मांजराला दूध टाका."

औसा रोडमागच्या गल्लीत ते वळले, तर त्यांच्या बंद दाराच्या पायरीवर कोणी बाई बसून मोठ्याने रडत होती. त्यांना वाटले घर चुकले. त्यांनी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून दारे मोजली. चौथेच होते.

"कोण हाय?" त्यांनी विचारले.

बाईने वर पाहिले. रडणे जिथल्या तिथे थांबले. ती त्यांची बहीण कावेरीबाई होती. अहमदपूरला दिलेली, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, दोन्ही भावांशी संबंध ठेवणारी त्या घरातली एकमेव व्यक्ती.

"आगाई गं," ती म्हणाली. "तू तर मेलास की रे!"

"कधी?"

"आज सकाळी. आमच्या नातवानं, गोलूनं मोबाइलमधी दाखवलं. फोटू, हार, सगळं. कुठं गेलता रं तू? कुलूप बघून मला वाटलं परस्पर घाटावर नेलं." आणि ती पुन्हा रडू लागली, पण हे रडणे निराळे होते. त्यात मारही होता. तिने त्यांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या.

"अक्का, डोळ्याला धक्का लागंल."

"लागू दे! मी पदर डोळ्याला लावून सत्तर किलोमीटर आले. बसमधी दोन बायांनी मला पाणी पाजलं."

घर उघडल्यावर तिने फडक्यात बांधून आणलेली पिठलं-भाकर सोडली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेली. दोघे खाली बसून ती खाऊ लागले.

"पिठलं बरं झालंय," रामलिंग म्हणाले.

"रडत केलतं. मिठाचं बघ."

"बरोबर हाय." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणखी कोण कोण आलतं?"

कावेरीबाईने भाकरीचा तुकडा मोडला. "मी साडेदहापासून बसलेय. एक पेपरवाला पोरगा मोटरसायकलवर आला, दाराचा व्हिडिओ काढला अन् गेला."

"उतरून विचारलं न्हाई?"

"न्हाई. उतरला बी न्हाई."

रामलिंगांनी पिशवीतून फोन काढून चालू केला. तो जमिनीवर ठेवला, तर तो फरशीवर थरथरत सरकू लागला. त्यांना अक्षरे दिसत नव्हती. फक्त एकामागून एक उजेडाचे चौकोन येत होते आणि जात होते. इतकी माणसे आपल्याशी बोलत असल्याचे त्यांना आयुष्यात आठवत नव्हते.

"काय म्हणून राहिलेत?"

"मला कुठं वाचता येतंय," कावेरीबाई म्हणाली. "हातच हात हायत."

संगप्पाला कोणी विचारले का, हे पाहायला ते उठले आणि दुकानापर्यंत जाऊन आले. कोणी विचारले नव्हते. मांजराला मात्र त्याने दूध टाकले होते.

*

बारा वाजून दहा मिनिटांनी अण्णारावांची गाडी खांबापाशी थांबली. गल्लीत माणसे नव्हती, तिरडीचे सामान नव्हते. दारात पुरुषाच्या चपलांचा एकच जोड होता आणि आतून बहिणीचा आवाज येत होता. अण्णाराव उंबऱ्यात उभे राहिले. समोर काळा चष्मा लावलेला त्यांचा भाऊ भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसून खात होता.

अण्णारावांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. कोणी उचलली नाही.

"कोण हाय, अक्का?" रामलिंगांनी विचारले.

"दादा हाय. सिंधू हाय. शिवांगी हाय."

रामलिंगांनी ताट बाजूला सारले. "या. माती तीनला ठरवू. जेवून घ्या आधी."

कोणी हसले नाही. मग कावेरीबाईला हसू आवरेना, ती पदर तोंडाला लावून आत पाणी आणायला गेली. अण्णाराव भिंतीचा आधार घेत खुर्चीत बसले. "रामलिंगा," एवढेच ते म्हणाले.

शिवांगी खाली वाकून पाया पडली. "आजोबा, मीच टाकलं. ग्रुपवर होतं म्हणून. चूक झाली."

"कुणाची तू? तूच मोबाइलचं बघतीस का? बस इथं. मला दिसत न्हाई. काय टाकलं ते वाच."

"नको," अण्णाराव आणि सिंधू एकदमच म्हणाले.

इतकी वर्षे सासरा आणि सून एकाच घरात राहिली, पण दोघांच्या तोंडून एकच शब्द एकाच वेळी निघाल्याचे शिवांगीने प्रथमच ऐकले.

"का नको?" कावेरीबाईने तांब्या खाली ठेवला. "मेला तो, त्याला ऐकायचा हक्क हाय. वाच गं."

शिवांगीने आजोबांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. ती वाचू लागली. जन्म भोकर तालुक्यात. शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका. 'नदीकाठ'चे पहिले छपाईयंत्र भंगारातून विकत घेऊन त्यांनी सात महिन्यांत चालते केले. वार्ताहर म्हणून आकडा स्वतः मोजल्याशिवाय ते लिहीत नसत. रामलिंग मान हलवीत ऐकत होते, एखाद्या तिऱ्हाइताबद्दल ऐकावे तसे. मग चौथा परिच्छेद आला.

"'मे १९९४ मध्ये इस्लापूरजवळच्या एका खेड्यात विहिरीचे काम चालू असताना दरड कोसळली. बोमनाळे यांनी जागेवर जाऊन, चार मजूर दगावल्याची बातमी चौघांच्या नावांसह दिली. तिसऱ्या दिवशी या दैनिकाने पहिल्या पानावर खुलासा छापून मृत दोनच असल्याचे व आमच्या वार्ताहराची चूक झाल्याचे कळवले. तो खुलासा खोटा होता. मृत चारच होते. उरलेले दोघे राज्याच्या सीमेपलीकडचे होते व त्यांचे देह परस्पर त्यांच्या गावी पोचवण्यात आले. कंत्राटदाराच्या घरी संपादकाच्या मुलाची सोयरीक ठरली होती, म्हणून संपादकाने तो खुलासा छापला. चूक वार्ताहराची नव्हती. संपादकाची होती. वार्ताहर संपादकाचा भाऊ होता.'"

शिवांगी थांबली. फरशीवरचा फोन एकदा थरथरला आणि गप्प झाला.

"पुन्हा वाच," रामलिंग म्हणाले. "चारपासून."

"'मृत चारच होते.'"

रामलिंगांनी चष्म्याखाली बोट घातले, मग डॉक्टरांचे आठवून बाहेर काढले. "दादा, हे कधी लिहिलं?"

"शहाण्णवला. त्या दोघांतल्या एकाची बायको कचेरीत आलती. तिला तो पहिला अंक पाहिजे होता, चार नावांचा. म्हणाली, नवरा मेल्याचं दुसरीकडं कुठंच लिहिलेलं न्हाई. मी तिला दोन प्रती दिल्या." अण्णारावांचा आवाज उतरला. "त्या रात्री तुझा लेख लिहिला. मग दर जानेवारीत काढायचो. वाचायचो."

"अन् परत ठेवायचात."

"हो."

"म्हणजे एकोणतीस-तीस वेळा," रामलिंग सावकाश म्हणाले. ते खरेच मोजत होते. "दर जानेवारीत तुम्ही हे वाचत होतात अन् मी इथं शंभर मैलांच्या आत होतो. मी मेल्यावर सांगणार होतात मला?"

सिंधू उभीच होती. "काका, तुम्ही हयात आहात, ह्यापरीस मोठं काय हाय? शिवांगी, सगळंच काढ. लिही की, तांत्रिक चुकीमुळं मजकूर प्रसिद्ध झाला, तो रद्द समजावा."

"सगळाच रद्द?" रामलिंगांनी विचारले. "माझं मरण मागं घ्या, सूनबाई. बाकी काही मागं घेऊ नका."

"त्यात माझे बाबा हायत!"

"नाव न्हाई त्यांचं," कावेरीबाई म्हणाली.

"नाव कशाला पाहिजे? आख्ख्या जिल्ह्याला माहीत हाय माझं लग्न कवा झालं ते." सिंधू सासऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. "मामा, बाबांचा पण लेख तयार होता ना तुमच्याकडं? ते गेले तवा छापला की तुम्ही. 'ज्ञानोबा' न्हाई, 'ग्यानोबा' अशी सही करायचे म्हणून तेवढं सुद्धा बरोबर घातलं होतं. दानशूर लिहिलंत. त्यात का न्हाई लिहिलं हे? मी ते कात्रण फ्रेम करून लावलंय."

"मला माहीत न्हवतं असं न्हाई," सिंधू म्हणाली. आता ती कोणाकडेच पाहत नव्हती. "त्या आठवड्यात आमच्या दारात दोन बाया येऊन बसल्या होत्या. तेलुगू बोलायच्या. आईनं त्यांना वाढलं. मी एकोणीस वर्षांची. मला वाटलं कामाला आल्यात. मग तुमच्या पेपरात दोन छापून आलं अन् मी म्हणलं, बरं झालं. तुमचं दोघा भावांचं आज मिटून जाईल. माझ्याकडं काय राहतंय मग?"

ती बाहेर अंगणात गेली.

शेवटी अण्णाराव म्हणाले, "दैनिक आता सिंधूचं हाय. ती म्हणंल तसं करू."

"पुन्हा तेच," रामलिंग म्हणाले. ते प्रथमच चिडले होते, आणि चिडल्यावर त्यांचा आवाज थेट त्यांच्या वडिलांसारखा निघाला. "तवा व्याह्याच्या आड उभे राहिलात. आता सुनंच्या आड. तुम्ही स्वतः कुठं असता, दादा?"

अण्णारावांनी भावाकडे पाहिले. काळ्या चष्म्यात त्यांना स्वतःचीच टोपी दिसली, लहान आणि दोनदा.

"शिवांगी," ते म्हणाले, "लिहून घे."

ते सरळ बसले. मजकूर सांगताना ते नेहमी सरळ बसत. "मथळा : खुलासा. स्वल्पविराम नको, काही नको. आज सकाळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तात श्री. रामलिंग बोमनाळे यांचे निधन झाल्याचे म्हटले होते. पूर्णविराम. घरी विचारून खात्री न करता ते वृत्त दिले गेले. पूर्णविराम. श्री. बोमनाळे हयात आहेत. पूर्णविराम." ते थांबले. खाली पडलेल्या काठीकडे त्यांनी थोडा वेळ पाहिले. "वृत्तातील पहिले वाक्य तेवढे चुकीचे आहे. पूर्णविराम. उर्वरित मजकूर खरा आहे. पूर्णविराम. माझं पूर्ण नाव घाल. संस्थापक संपादक."

शिवांगीने वाचून दाखवले. एक शब्दही बदलावा लागला नाही.

ती फोन घेऊन अंगणात गेली. सिंधू तुळशीच्या कुंडीशेजारी पाठमोरी उभी होती. तिच्या मंजुरीशिवाय 'नदीकाठ'मध्ये काही जात नसे, आणि आज सकाळी शिवांगीने तो नियमही पाळला नव्हता.

"आई, वाच अन् सांग."

सिंधूने वाचले. वाचायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ तिने फोन हातात ठेवला.

"मूळ बातमीच्या वरच टाक," ती म्हणाली. "खाली कुठंतरी नको. अन् अक्षर तेवढंच ठेव." मग फोन परत देत ती म्हणाली, "नांदेडला गेल्यावर ती फ्रेम मी काढीन. तू हात लावू नको."

*

साडेतीनला मंडळी निघाली. रामलिंगांचा नंबर शिवांगीने आपल्या फोनमध्ये घातला आणि अण्णारावांनी तिच्याकडून विचारून तो खिशातल्या डायरीत लाल पेनाने उतरवला, अंक दोनदा ताडून. कावेरीबाईला ते वाटेत अहमदपूरला सोडणार होते. भाऊ एकमेकांच्या जवळ आले नाहीत. अण्णाराव "येतो" म्हणाले, रामलिंग "या" म्हणाले. गाडी खांबापाशी वळली तोवर रामलिंग दारात होते. त्यांना गाडी दिसत नव्हती, आवाजावरून ते अंदाज घेत होते.

गाडीत शिवांगीने आकडे पाहिले. निधनाची बातमी चौदा हजार वेळा पुढे गेली होती. खुलासा त्रेसष्ट वेळा. तिने आजोबांना ते सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

घरात रामलिंगांनी ताट धुतले, उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. फोन थांबेना. संगप्पा दुकान बंद करून आला तेव्हा त्यांनी त्याला काही संदेश वाचायला सांगितले. मृदुभाषी, एकाने लिहिले होते. मार्गदर्शक हरपला, दुसऱ्याने. आमचा रोजचा संवाद होता, तिसऱ्याने.

"हा कोण?" रामलिंगांनी नाव पुन्हा वाचायला लावले. त्यांना तो माणूस आठवेना.

"खुलासा आलाय की सर, तरी चालूच हायत," संगप्पा म्हणाला. "मी लिहू का, सर जिवंत हायत म्हणून?"

"राहू द्या. थकतील अन् थांबतील."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी गच्चीवर गेले. लाकडी पेटीतल्या तापमापकावर पारा कुठे आहे हे दिसेना, म्हणून संगप्पाला वर बोलावून वाचून घेतले. खाली येऊन त्यालाच टाइप करायला लावले. तारीख बारा : नोंद नाही. तेरा : नोंद नाही. चौदा : नोंद नाही. पंधरा : किमान चौदा पूर्णांक दोन. सहा वाजता संदेश गेला. संगप्पा दुकान उघडायला गेला. ग्रुपवर कोणीच काही लिहिले नाही.

सहा वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला. तो थांबला नाही, वाजतच राहिला. रामलिंगांनी चाचपून हिरव्या खुणेवर बोट ओढले आणि तो कानाला लावला.

पलीकडे कोणीतरी खाकरले. मागे नांदेडच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता. ते घड्याळ त्यांनीच दुरुस्त केले होते, म्हणून तो त्यांना ओळखता आला.

"रामलिंग बोमनाळे यांचं घर का?" पलीकडच्या आवाजाने विचारले. "कोण बोलतंय?"

"मीच बोलून राहिलो," रामलिंग म्हणाले.

"बरं."

एवढे विचारून अण्णाराव गप्प राहिले. नियमच तसा होता. रामलिंगही गप्प होते, आणि दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही.